आधी माहेरची नावं गोळा करा

ताई, तुम्ही विचारलंय की तुमच्या मुलींच्या शाळेला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होतायत, माजी विद्यार्थिनींचा ग्रुप तर झालाय, पण शाळेचा वारसा जपायचा म्हणजे नक्की करायचं काय. मी नाशिकची, गावातल्याच एका मुलींच्या शाळेची, 1991 ची दहावी. आम्ही हे सगळं करून बसलोय आणि पहिल्या वेळी चांगल्याच फसलोय, म्हणून लिहिते.

आमचा पहिला मेळावा म्हणजे गंगापूर रोडला एसी हॉल, पाहुण्यांचे सत्कार, शाल-नारळ, दोन तास भाषणं, मग जेवण आणि सेल्फी. खर्च दणकून झाला. मागच्या खुर्च्यांवर दोन आजी बसल्या होत्या, जुन्या अकरावी मॅट्रिकवाल्या (दहावीची एसएससी 1975 ला आली, त्याच्या बऱ्याच आधीच्या). त्यांना कुणी ओळखलंच नाही, जेवल्या आणि रिक्षा करून गेल्या. नंतर कळलं की त्यातल्या एकींना शाळा वाड्यात भरायची तेव्हाचं सगळं आठवत होतं, कुठल्या खोलीत कुठला वर्ग, पिण्याचं पाणी कुठून आणायचं, घंटा कोण द्यायचं. पुढच्या वेळेपर्यंत त्या राहिल्या नाहीत. अजून मनाला लागतं ते.

ओळखलं का नाही, तर बॅजवर सासरचं नाव! मुलींच्या शाळेची खरी गोम इथेच आहे बघा. मुलांच्या शाळेतला मुलगा सत्तरीतही त्याच नावाने सापडतो, आपल्यात आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि कितीतरी जणींचं लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, म्हणजे शाळेतली कुमुद सासरी वैशाली, आता शोधा तिला फेसबुकवर.

म्हणून हॉल, केटरर, स्मरणिका सगळं बाजूला ठेवा आणि आधी माहेरच्या नावांची वही करा. नावं मिळतात शाळेच्या जनरल रजिस्टरमधे, ज्याला ऑफिसात जीआर म्हणतात. ते शाळेला कायम जपून ठेवावंच लागतं, त्यामुळे इतर कागद गेले तरी ते बहुतेक असतं. मुख्याध्यापिकांना रीतसर अर्ज द्या. पण त्यात जात, जन्मतारीख सगळं असतं, तेव्हा पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरवा. आम्ही दोघी क्लार्कबाईंच्या समोर बसून फक्त नाव आणि साल उतरवायचो.

उतरवताना एक गोष्ट दिसली जी डोक्यात आलीच नव्हती. शेवटी शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. जुन्या पानांवर त्यात कुठे लग्न, कुठे घरकाम, कुठे नुसतंच गैरहजर, आणि इयत्ता बघावी तर सहावी, सातवी. आम्ही तोवर बॅच म्हणजे दहावीची बॅच एवढंच धरून चाललो होतो, या मुली कुठल्याच बॅचमधे नव्हत्या! मग त्यांनाही शोधायचं ठरलं. आमच्या जुन्या बाई, भाजीवाल्या मावशी, देवळातलं भजनी मंडळ, जिथून मिळेल तिथून. पंचवटीत एक आजी सापडल्या, त्या म्हणाल्या मी कसली माजी विद्यार्थिनी गं, मी सातवीतूनच गेले. तासभर बोलल्या नंतर. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, अर्थात विचारून. अशा वेळी 'शाळेबद्दल काय वाटतं' असं विचारू नका, मग सगळे छान छान बोलतात. डब्यात काय असायचं, रिबिनी कुठल्या रंगाच्या, पाळी आली की काय करायचात, असं विचारा. शेवटचा प्रश्न आमच्यातल्या एकीने धीर करून विचारला आणि सगळ्यात जास्त त्यावरच बोलणं झालं.

फोटोंचं थोडक्यात. लॅमिनेशन अजिबात नको, आमच्या एका मैत्रिणीने प्रेमाने पाच ग्रुप फोटो लॅमिनेट करून आणले, आता ते सुटत नाहीत आणि आतून पिवळे पडतायत. लहान फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मागे नावं लिहायची तर हलक्या हाताने पेन्सिलने, बॉलपेन उमटतो. आणि कॉपी दोन-तीन ठिकाणी ठेवा. 2008 च्या पुरात गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा आमच्या एका बाईंचे आल्बम तळमजल्यावरच होते.

दुसरा मेळावा आम्ही हॉलमधे घेतलाच नाही. आश्विनात शाळेच्या पटांगणात भोंडला केला, मधे पाटावर हत्ती, माहेरच्या नावाचे मोठ्या अक्षरातले बॅज, आणि खिरापत प्रत्येकीने घरून. (जळगावला दिलेल्या मैत्रिणीने तिथेही भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या भोंडल्यासारख्या खेळाची, बाजू लावून धरली, तो वाद अजून मिटलेला नाही.) पंचवटीच्या आजी आल्या होत्या, फेर धरता येत नव्हता पण खुर्चीवरून खिरापत ओळखत होत्या, तीन वेळा बरोबर. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला त्यांना आठवी-नववीच्या मुलींसमोर बसवलं, मुलींनीच मुलाखत घेतली. भाषणापेक्षा हे कितीतरी बरं.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीलाच संस्था काढायच्या मागे लागू नका. नोंदणीला 1860 च्या कायद्याने किमान सात जणी लागतात, मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चकरा, दरवर्षी हिशोब. शिष्यवृत्ती वगैरे सुरू करणार असाल तेव्हा बघा. वहीला आणि स्कॅनिंगला वर्गणी पुरते.

आणि ऑफिसात शनिवारी जा, सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर क्लार्कबाई जरा निवांत असतात. वही दोनशे पानी घ्या, आम्ही शंभर पानी घेतली ती 1968 सालच्या नावांपर्यंतच संपली.