बार्सिलोना ते फ्लोरिडा, १४ रात्री, त्यातले ७ दिवस नुसतं पाणी: निवृत्तीनंतर जोडीनं ही क्रूझ घ्यावी का?

तुमच्या प्रश्नातून समजलेलं असं: वय ६२ आणि ५८, दोघं शाकाहारी, अंडंही नको. नोव्हेंबरमधली बार्सिलोना ते फोर्ट लॉडरडेल ही १४ रात्रींची क्रूझ नेहमीच्या मानानं फारच स्वस्त दिसते आहे. वहिनींना घाटातल्या एसटीतही मळमळतं. घ्यावी का, आणि घेतली तर कुठे फसायला होतं?

घ्या. पण ही बंदरं बघायची सहल नाही, समुद्रावर राहायची सहल आहे, हे दोघांनाही मनापासून पटलेलं हवं. एकाला पटलंय आणि दुसरा सोबत म्हणून चाललाय, असं असेल तर आधी सिंगापूरहून सुटणारी ४ रात्रींची क्रूझ करून बघा.

स्वस्त का, ते आधी. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी जहाजं हिवाळ्यात कॅरिबियनला धंदा करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती अटलांटिक ओलांडून पलीकडे जातात, मार्च ते मे दरम्यान परत येतात. जहाज तसंही न्यायचंच असतं, म्हणून खोल्या कमी भावात भरतात. यांना रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. जेवण, नाटकं, खोली यांत काही कमी नसतं, कमी असतात ती बंदरं. साधारणपणे स्पेनची एक-दोन, मग अटलांटिकमधल्या स्पेनच्या कॅनरी बेटांतलं सांताक्रूझ दे तेनेरीफ किंवा पोर्तुगालच्या मदैरा बेटावरचं फुंशाल, आणि पुढे ६-७ दिवस काहीच नाही.

दिशा तुम्ही योग्य निवडली आहे. पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे घेतात. बार्सिलोना आणि फ्लोरिडात नोव्हेंबरमध्ये ६ तासांचा फरक असतो, म्हणजे तुम्हाला २५ तासांचे ६ दिवस मिळतात. उलट प्रवासात तेच दिवस २३ तासांचे होतात आणि रोज झोप तुटते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. कॅनरीच्या खाली ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, कोलंबसनं १४९२ साली गोमेरा बेटावरून हीच वाट धरली होती. जहाज २० नॉटनं (म्हणजे ताशी २० सागरी मैल) पश्चिमेला चाललंय आणि मागून १५ नॉटचा वारा आहे, तर डेकवर जेमतेम झुळूक लागते. याच वाटेनं उलट आलात तर दोन्हींची बेरीज होते आणि उघड्या डेकवर उभं राहणं कठीण. मात्र अटलांटिकचा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. वादळ असेल तर कप्तान वाट बदलतो, एखादं बंदर गाळतो. करारात त्याला तो अधिकार असतो. गाळलेल्या बंदराचं शुल्क परत मिळतं, भाडं मिळत नाही.

आता व्हिसा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. तुम्हाला दोन लागतील: शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) आणि अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पर्यटनाचा. कॅनरी आणि मदैरा शेंगेनमध्येच येतात. पण वाटेत मोरोक्कोतलं कासाब्लांका किंवा अगादिर असेल आणि त्यानंतर पुन्हा स्पेनचं बंदर असेल, तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून परत आत येता. तिथे सिंगल एंट्री चालत नाही, अर्जात मल्टिपल मागा. सगळ्यात जास्त रात्री स्पेनच्या असतील तर अर्ज स्पेनकडे करायचा, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. सोबत बंदरांची तारीखवार यादी असलेलं क्रूझचं कन्फर्मेशन आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा जोडायचा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो. तो व्हिसा पासपोर्टवर नसेल तर परत न मिळणारं डिपॉझिट भरू नका. बार्सिलोनाच्या धक्क्यावर कागद तपासताना एक जरी व्हिसा कमी निघाला तर जहाजावर घेत नाहीत, आणि पैसेही जातात.

खर्चाचा हिशोब जाहिरातीतल्या आकड्यावर करू नका. समजा भाडं माणशी ८०० डॉलर दिसतंय. बंदरशुल्क आणि कर माणशी १५० ते २०० धरा. टिप रोज माणशी १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढते, म्हणजे १८ धरली तरी दोघांची १४ दिवसांची ५०४ डॉलर. १६०० चे इथेच सुमारे २४५० झाले. त्यावर इंटरनेट, जो दर दिवसाला, दर उपकरणाला आकारतात. आणि विमान: जायचं बार्सिलोनाला, परतायचं फ्लोरिडाहून. दोन सुटी एकेरी तिकिटं काढू नका, एअरलाइनच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’त शोधा, बहुतेकदा बरंच स्वस्त पडतं. भारतीय एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच वसूल करून सरकारकडे भरायचा कर, द्यावा लागेल. त्याचा दर बदलत असतो, पण रिटर्न भरताना ती रक्कम वळती करून घेता येते, म्हणून ज्यानं पैसे भरले त्याचाच पॅन नोंदवा. दारूचं पॅकेज बहुतेक कंपन्या एका खोलीतल्या दोन्ही प्रौढांना घ्यायला लावतात. एकालाच कधीतरी ग्लासभर वाइन हवी असेल तर पॅकेज न घेता तेवढा ग्लासच विकत घ्या.

खोली निवडणं हा या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि तो लोक फोटो बघून करतात. मळमळणाऱ्या माणसानं जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर खोली घ्यावी. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मधला भाग सर्वांत कमी, अगदी सी-सॉसारखं. बाजूचं हेलकावणं कमी करायला जहाजाला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण पुढे-मागे झुलणं ते थांबवत नाहीत. ‘गॅरंटी’ नावाच्या सर्वांत स्वस्त पर्यायात खोली कंपनी ठरवते, आणि ती नाकाडावरची किंवा शेपटीची निघू शकते. तुमच्यासाठी तो नको. डेक प्लॅन उघडून वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत ना, हे बघा. वर बुफे किंवा पूल असेल तर पहाटे ५ पासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ११ पर्यंत ढोल.

बाल्कनी घ्यावी का? सात दिवस समुद्रच बघायचा आहे, तर परवडत असेल तर घ्या. पश्चिमेला जाताना जहाजाची डावी बाजू दक्षिणेला येते आणि नोव्हेंबरात ऊन त्याच बाजूला असतं. सकाळची चहाची खुर्ची तिथे सुखाची. परवडत नसेल तर निदान खिडकीची खोली घ्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही आणि क्षितिज दिसत नसल्यानं मळमळही वाढते.

मळमळीचं औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, हे वहिनींना नीट सांगा. आपल्याकडे मिळणारी अवोमिन किंवा स्टुजेरॉन, जी डॉक्टर सांगतील ती, मोकळ्या समुद्राला लागायच्या आदल्या रात्रीपासून घ्यायची. दोन-तीन दिवसांत कान आणि डोळे जुळवून घेतात, बहुतेकांना पुढे गरज लागत नाही. पण काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा कंपवात असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अवोमिननं झोपही येते, आणि ओल्या डेकवर, जिन्यावर पेंगणं धोक्याचं. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक सोबत ठेवा, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद. त्रास होत असेल तेव्हा पडून फोन बघायचा नाही, मधल्या डेकवर बाहेर जाऊन क्षितिजाकडे बघायचं.

बाकी औषधं १४ नव्हे, २५ दिवसांची न्या, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. रोजच्या गोळ्या जहाजाच्या घड्याळानुसार घेत गेलात की तासातासानं वेळ आपोआप सरकते. इन्सुलिन असेल तर निघण्यापूर्वी वेळापत्रक लिहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये तुमच्या खात्यावर चढतं आणि विम्याचे पैसे नंतर मागावे लागतात. अटलांटिकच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोहोचत नाही. म्हणून विम्यात क्रूझ, आधीपासूनचे आजार आणि वैद्यकीय स्थलांतर या तीन गोष्टी लेखी आहेत का ते बघा. बीपी-शुगर लपवली तर नेमका तोच दावा नाकारतात.

आणि हात साबणानं धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ येते ती बहुधा नोरोव्हायरसची, आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. एकदा नोंद झाली की लक्षणं थांबल्यावरही साधारण दोन दिवस खोलीतच ठेवतात.

जेवणाची काळजी वाटते तितकी नाही, पण ते आपोआप होत नाही. बुकिंग करतानाच ‘व्हेजिटेरियन, नो एग’ नोंदवा, जैन जेवण हवं असेल तर तसं. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर अंडं गृहीत धरतात. जहाजावर चढल्याच दिवशी दुपारी मुख्य डायनिंग रूममध्ये जाऊन मुख्य वाढप्याला भेटा आणि ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या टेबलाचं जेवण घ्या. म्हणजे १४ रात्री तोच वेटर असतो. तो रोज उद्याचा मेनू दाखवून विचारतो, आणि मेनूत नसलेली डाळ, भाजी, पोळीसारखं काही आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेकदा मिळतं. क्रूझ जहाजांवर गोव्याची, मुंबईची पुष्कळ माणसं काम करतात. मराठी-कोंकणीत दोन शब्द बोललात तर त्यांनाही बरं वाटतं, कारण ती महिनोन्‌महिने घरापासून लांब असतात. बुफेत सूपचा स्टॉक चिकनचा आहे का आणि पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का, हे विचारा. कार्तिकी एकादशी बहुधा याच सुमारास येते: साबुदाणा मिळणार नाही, पण उकडलेले बटाटे, दही, फळं, सुका मेवा भरपूर असतो.

चहासाठी अर्ध्या लिटरचा थर्मास न्या. किटली, इस्त्री, छोटा कुकर, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन बोर्डं तपासणीत काढून घेतात. उदबत्ती, मेणबत्ती, निरांजनही नाही, जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. बुफेतून उकळतं पाणी थर्मासात भरून घ्यायचं आणि दूध गरम मागायचं, नाहीतर थंडच देतात. खोलीच्या भिंती पोलादी असतात, म्हणून चुंबकाचे चार-सहा हूक नेलेत तर ओले पंचे, टोप्या, पिशव्या लटकवता येतात. खोली १७०-२०० चौरस फुटांची असते, तिथे जमिनीवर काही पडलं की चालायला जागा उरत नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली. औपचारिक पोशाखाच्या दोन-तीन रात्री असतात. नवऱ्यानं उगाच सूट शिवू नये, बंदगळा पुरतो, आणि सिल्कच्या साडीपुढे तिथलं काहीच टिकत नाही.

त्या एवढ्याशा खोलीत दोघं १४ दिवस, याचा विचार लोक करतच नाहीत. सकाळी एकानं ट्रॅकवर चालायला जावं, दुसऱ्यानं बाल्कनीत वाचावं. दुपारी एकाचं व्याख्यान, दुसऱ्याचा ब्रिज किंवा नाचाचा वर्ग. जेवणाला मोठं टेबल मागा, रोज रात्री एकमेकांनाच नवीन काय सांगणार? झोप हलकी असेल तर पलंग जोडलेला हवा की सुटा, तेही आधी कळवता येतं. सलग समुद्राच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडं रितं वाटतं, मग ते जातं. तेव्हा रात्री दिव्यांपासून दूर, उघड्या डेकच्या काळोख्या कोपऱ्यात जा. शेकडो मैल दिवा नसलेलं आकाश तिथे आहे. दिवसा जहाजाच्या नाकाडाजवळ खाली बघत राहा, उडते मासे थव्यानं निघतात.

फोन विमान मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं उपग्रह-मोबाइल नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल भयंकर येतं. बंदरात मात्र हातावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, फोन स्थानिक वेळ दाखवतो आणि तेवढ्यावर माणसं मागे राहतात. सुटायच्या आधी अर्धा-एक तास जहाजावर चढायची फळी उचलतात.

बार्सिलोनात आदल्या दिवशी पोहोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही, आणि पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे आधी बाजूला काढा, नाहीतर नाइट ड्रेसमध्येच उतरावं लागेल. फोर्ट लॉडरडेलहून दुपारी १ च्या आधीचं विमान घेऊ नका, मायामीहून असेल तर आणखी उशिराचं. उतरताना खाऊचं जे काही उरलं असेल ते कस्टम्सला जाहीर करा, आणि बुफेतलं सफरचंद पर्समध्ये राहिलं नाही ना ते बघा. जाहीर न केलेल्या फळावर तिथे दंड होतो.