'आर्थिक किंमत' की 'आर्थिक मूल्य'?

विचारणा अशी : एका भाषांतरात 'पाणथळ जागांमुळे होणाऱ्या लाभांची आर्थिक किंमत' असं लिहिलं होतं. संपादकांनी 'किंमत' खोडून 'मूल्य' केलं. दोन्ही एकच नाही का?

नाही. मी संपादकांच्या बाजूने. 'किंमत' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली आणि व्यवहारात रुळली. अशा वाक्यात ती पैशांचीच असते, त्यामुळे तिला 'आर्थिक' जोडणं म्हणजे पिवळा पीतांबर. 'मूल्य' मात्र नैतिक असतं, वाङ्मयीन असतं, पोषणमूल्यही असतं. तिथे 'आर्थिक' हे विशेषण खरंच काही काम करतं.

पाणथळीच्या बाबतीत तर हा फरक फारच उपयोगाचा. तिथले मासे, गवत, लव्हाळे विकले जातात, त्यांना किंमत आहे. पण पुराचं पाणी धरून ठेवणं, सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद शोषून घेणं, याचं बिल कुणी पाठवत नाही. किंमत शून्य, मूल्य भरपूर. मग ते काढतात कसं? एक रीत अशी की, तेच काम दुसऱ्या मार्गाने करून घ्यायला किती खर्च आला असता ते बघायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स नदीच्या पुराला आवर घालायला लष्कराच्या अभियंता विभागाने धरण बांधायचं सोडून नदीकाठच्या सुमारे ८,००० एकर पाणथळ जागा राखून ठेवल्या. त्याला साधारण १ कोटी डॉलर लागले, धरण-बांधांचा अंदाज त्याच्या दसपट होता. जागेसाठी मोजले ती किंमत, वाचलेल्या खर्चावरून बांधला तो मूल्याचा अंदाज.

१९९७ साली पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीवरच्या परिसंस्थांचा असा हिशेब मांडला (यात पाणथळ जागाही आल्या) : वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर. जगाचं एकूण उत्पन्न तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास. या आकड्याला 'किंमत' म्हटलं तर गिऱ्हाईक कुठून आणायचं?

'अमूल्य लाभ' हा शब्दप्रयोग भाषणात शोभतो, पण अशा लेखात मी टाळेन. हिशेबाच्या वहीत अमूल्य वस्तूचा रकाना कोराच राहतो, आणि कोरा रकाना बेरजेत शून्य धरला जातो. 'मोल' हा 'मूल्य'चाच तद्भव, गोड आहे, पण 'मोलमजुरी'मुळे त्याला मेहनतान्याचा वास येतो. शीर्षकात चालेल, तक्त्यात नको.

एका ठिकाणी मात्र संपादकांनी हात आवरावा. 'पाणथळ बुजवली, त्याची किंमत पुराच्या वेळी मोजावी लागली' हे वाक्य तसंच राहू द्यावं. तिथे 'मूल्य मोजावं लागलं' कुणी म्हणत नाही.