ट्रकच्या इंजिनाला लहान क्रँक पुली बसवावी का?

तुम्ही विचारलंय, की ट्रकला अंडरड्राइव्ह पुली, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला मूळपेक्षा लहान पुली बसवली तर पिकअप वाढेल का आणि डिझेल वाचेल का. मी माझ्या गाडीला बसवली होती आणि काही महिन्यांनी काढूनही टाकली. तुम्ही बसवू नका, असंच सांगेन.

क्रँकची पुली लहान केली की पट्ट्यावरचं सगळंच सावकाश फिरतं: वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप. इंजिनाची थोडी ताकद वाचते हे खरं आहे. पंपाचा वेग 25 टक्के उतरला तर त्याला निम्म्याहूनही कमी ताकद पुरते. पण हे जाणवतं ते वरच्या आरपीएमला, म्हणजे शर्यतीच्या गाडीला. भरलेला ट्रक चालतो 1500-2000 च्या आसपास. तिथे पंप मुळातच फार खात नाही, मग वाचणार तरी किती?

तोटा मात्र सगळा खालीच होतो. समजा आयडलला इंजिन 700 वर आहे आणि अल्टरनेटर त्याच्या 2.7 पट, म्हणजे 1900 च्या जवळपास फिरतोय. नव्या पुलीवर तो 1400 वर येतो. रात्री गाडी उभी करून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मी बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला तर 12.4 व्होल्ट. चार्जिंग नव्हतंच. अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबला की आकडा 14 वर जायचा आणि दिवे एकदम उजळायचे. गाडी मागे घेताना स्टिअरिंगही जड लागायचं. लांब चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन सर्वांत जास्त तापतं आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी फिरतं. पंखा पंपाच्याच शाफ्टवर असेल तर तोही मंदावतो. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो, म्हणजे तोही मंदावतो. तेवढं तरी आधी बघाच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती डॅम्परची, म्हणजे क्रँकची थरथर शोषणाऱ्या भागाची. तुमची मूळ पुली पुसून नीट बघा. मधला गाभा आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये काळ्या रबराची रिंग दिसली, तर ती नुसती पुली नाही, डॅम्परही आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्ट किंचित पिळतो आणि परत सुटतो. ती थरथर हे रबर गिळतं. त्याजागी अ‍ॅल्युमिनियमची सलग पुली आली की थरथर क्रँकमध्येच राहते. लगेच काही कळत नाही, पण पुढे बोल्ट सैल होतात, बेअरिंग जातात, क्रँकला तडाही जाऊ शकतो. डॅम्पर वेगळा असून पुली त्यावर नुसती बोल्टने बसवलेली असेल, तर हा धोका नाही.

डिझेलच वाचवायचं असेल तर इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना रेडिएटरचा पंखा हाताने फिरवून बघा. व्हिस्कस क्लचचा (गरम झाल्यावरच पंख्याला घट्ट पकडणाऱ्या क्लचचा) पंखा हलक्या अडथळ्याने फिरायला हवा. तो जॅम असेल तर पुलीने वाचली असती त्याच्या कितीतरी पट ताकद तो रोज खातोय.