अंगणवाडीला पुस्तके देताना : कंपन्यांचे आणि सेविकांचे प्रश्न

जानेवारी उजाडला की कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागांकडून लहान मुलांच्या वाचनाबद्दल विचारणा सुरू होते, आणि बहुतेक पत्रांत मुलांपेक्षा ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपण्याआधी निधी खर्चण्याची काळजी जास्त दिसते. दरवर्षी तेच गैरसमज येतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : चाकणजवळ आमचा कारखाना आहे. सीएसआरचे १८ लाख रुपये शिल्लक आहेत. एक पुरवठादार २०० अंगणवाड्यांना प्रत्येकी १०० पुस्तके आणि ‘बोलणारे पेन’ (पानाला टेकवले की आवाज देणारे) असा संच ६० टक्के सवलतीत, मार्चअखेरपर्यंत पोचवतो म्हणतो. घ्यावा का?

घेऊ नका. इतकी सवलत देता यावी म्हणूनच छापील किंमत फुगवलेली असते. असल्या संचांत फळे, प्राणी, वाहने यांचे तक्तेच पुस्तकासारखे बांधलेले असतात, गोष्ट शोधावी लागते. पेनाची बॅटरी संपली की पेन संपले. आधी तीन पुस्तके नमुन्याला मागवा आणि मधोमध उघडून तळहाताने दाबा. पाने सुटली तर बांधणी नुसत्या डिंकाची आहे. शिवण दोऱ्याची हवी, कारण पिना दमट हवेत गंजतात. अक्षर मोठे, पानावर एकदोन ओळी, बाकी चित्र.

आता घाईबद्दल. संचालक मंडळाने बहुवर्षीय ‘चालू प्रकल्प’ मंजूर केला आणि तो याच आर्थिक वर्षात सुरू झाला, तर त्याची न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्येच ही सोय आहे. मार्चमध्ये ट्रक भरून पुस्तके पाठवण्याची सक्ती कुणीच केलेली नाही. ठरावाची भाषा मात्र कंपनी सचिवांना विचारूनच लिहा. एकदाच करायची खरेदी नाव बदलून चालू प्रकल्प होत नाही.

तुमच्या रकमेत २०० अंगणवाड्यांचा नाद सोडा, ६० घ्या आणि दोन वर्षे टिका. प्रत्येकीला सरासरी ७० रुपयांची ६० पुस्तके धरली तर २ लाख ५२ हजार होतात. दुसऱ्या वर्षी २० नवी द्या, त्याचे ८४ हजार. गावोगाव फिरणारे दोन मार्गदर्शक, मानधन-प्रवासासह प्रत्येकी महिना २० हजार, २४ महिन्यांचे ९ लाख ६० हजार. सर्वांत मोठा खर्च माणसांवर आहे आणि तो तसाच असायला हवा. उरलेल्यात सेविकांचे प्रशिक्षण, पुस्तके मांडायच्या दोऱ्या-चिमटे आणि घरी न्यायच्या कापडी पिशव्या बसतात. यादी नक्की करण्याआधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा. अंगणवाड्यांसाठीच्या ‘आकार’ या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमाचे साहित्य कोणत्या अंगणवाडीत पोचले आहे, हे तिथे कळेल.

प्रश्न : मार्गदर्शकांचे मानधन आणि प्रशिक्षण प्रशासकीय खर्चाच्या ५ टक्के मर्यादेत धरावे लागते, असे आमच्याकडे सांगतात. खरे का?

नाही. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनासाठी आहे. एखाद्या प्रकल्पाच्या आखणीवर, अंमलबजावणीवर, देखरेखीवर थेट होणारा खर्च तिच्यात येत नाही. ऐकीव माहितीवर प्रशिक्षण कापू नका, लेखापरीक्षकांकडून लेखी खात्री करून घ्या.

प्रश्न : कर्मचाऱ्यांनी घरची जुनी पुस्तके गोळा केली. त्यांची किंमत सीएसआर खर्चात दाखवता येईल का?

नाही, वस्तुरूप मदतीचे पैशांत मोल करून दाखवता येत नाही.

प्रश्न : मुखपृष्ठावर कंपनीचे बोधचिन्ह छापायचे आहे.

मुखपृष्ठ मुलाचे आहे. मलपृष्ठाच्या आत एक ओळ पुरे. जाहिरातीचा लाभ घेण्यासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलेही जात नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने ८० पुस्तके दिली. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद आहे. फाटली-हरवली तर भरून द्यावी लागतील असे ऐकले, म्हणून कपाटात कुलपात ठेवली आहेत. काय करू?

ताई, यात तुमची चूक नाही. देणाऱ्यांनी पुस्तके टेबल-खुर्चीसारखी मोजून दिली, म्हणून ती टेबल-खुर्चीसारखी जपली गेली. कंपन्यांनी हे उत्तर नीट वाचावे, कारण देणगीची सर्वाधिक नासाडी इथे होते.

तीन वर्षांचे मूल पुस्तक चावते, ओढते, उलटे धरते, आवडते पान पुन्हा पुन्हा काढते. तेच त्याचे पहिले वाचन. पुढे मोठ्या माणसाचे बोट आणि आवाज सोबत आले की ओळ डावीकडून उजवीकडे जाते, पान उलटले की गोष्ट पुढे सरकते, हे त्याला उमगते. अक्षरे त्यानंतर. कपाटातल्या कोऱ्या पुस्तकाने यातले काहीच होत नाही. म्हणून झीज करारातच लिहावी : दरवर्षी पाचवा हिस्सा पुस्तके फाटणार वा हरवणार, ती देणगीदार भरून देणार, सेविकेकडून वसुली होणार नाही. ६० पुस्तकांमागे १२, म्हणजे वर्षाला ८४० रुपये. एवढ्यासाठी ४,२०० रुपयांची पुस्तके कुलपात का ठेवायची? पुस्तके शक्यतो ‘वापरून संपणारे साहित्य’ म्हणून नोंदवावीत, आणि हे वाटपाआधी बालविकास प्रकल्प कार्यालयाशी बोलून लेखी घ्यावे. नंतर कोणी लिहून देत नाही.

ताई, तुम्ही आता पर्यवेक्षिकांना लेखी विचारा : वापरात फाटलेल्या पुस्तकांचे निर्लेखन (नोंदीतून कमी करणे) कसे करायचे? तोंडी ‘चालेल’वर थांबू नका. परवानगी आली की रोज १५ पुस्तके मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरीला लावा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. आठवड्याने बदला. रोज एकच पुस्तक दहा मिनिटे वाचा, तेच तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी फक्त ऐकवा, दुसऱ्या दिवशी ‘आता काय होईल?’ विचारा, तिसऱ्या दिवशी मुलांना सांगू द्या. ‘तात्पर्य काय’ विचारू नका. पालक टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) न्यायला येतात त्या दिवशी एकेक पुस्तक घरी द्या. आईला वाचता येत नसेल तर चित्रांवर बोलायला सांगा, तेवढ्याने काम होते. पान फाटले की चिकटपट्टी मुलांसमोर लावा.

प्रश्न : आमच्या भागातल्या मुलांची घरची भाषा कोरकू आहे. पुस्तके मराठी की इंग्रजी?

इंग्रजी नकोच. सुरुवात कोरकूत, जोडीला मराठी. ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या ऑनलाइन संग्रहातली कोरकू पुस्तके परवान्याच्या अटी पाळून छापता येतात. मात्र एका गावची बोली दुसऱ्या गावात अडते, तेव्हा छपाईआधी तिथल्या सेविकेला आणि दोन आज्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : वर्षअखेरीस किती मुले वाचू लागली, हा आकडा आमच्या संचालकांना हवा आहे.

तीन ते सहा वयासाठी हा आकडा मागूच नका. मागितला की मुलांकडून बाराखडी घोकून घेतली जाते. आठवड्यात किती दिवस मोठ्याने वाचन झाले, किती पुस्तके घरी गेली, मूल चित्रे पाहून गोष्ट सांगते का, हे पाहा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या सरकारी निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टसुद्धा तिसरीअखेरचे आहे. मात्र तीन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर ‘पुस्तकांनी सुधारेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्याची वाटही न पाहता डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

प्रश्न : आमची संस्था दीड वर्षाची आहे. सीएसआर निधी मिळेल का?

सहसा नाही. आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि संस्था कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल तर तीन वर्षांचा अनुभवही. तोवर अनुभवी संस्थेसोबत काम करा आणि नोंदणीचे सनदी लेखापालांना आजच विचारा.