निःशस्त्र नागरिक संघर्षग्रस्त भागात कोणाचे संरक्षण खरोखर करू शकतात का?

करू शकतात, मात्र सर्वत्र नाही आणि केवळ धैर्याच्या बळावर तर नाहीच. हल्लेखोराला कोणाची तरी भीड असावी लागते: परकीय सरकारांची, वरिष्ठांची, किंवा उद्या ज्यांच्यात वावरायचे आहे त्या शेजाऱ्यांची.

ग्वाटेमालामध्ये १९८५ साली बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांच्या संघटनेचे दोन पुढारी मारले गेले, तेव्हा ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’चे परदेशी स्वयंसेवक उरलेल्या नेत्यांसोबत सतत राहू लागले. परदेशी साक्षीदारांसमोर खून पडला तर त्याचा जाब बाहेरच्या जगाला द्यावा लागेल, हा धाक त्या सोबतीमागे होता. १९८१ मध्ये ही संस्था स्थापन करणाऱ्यांत गांधीवादी कार्यकर्ते नारायण देसाई होते आणि त्यांच्या गाठीशी दंगली शमवण्यासाठी निःशस्त्र उतरणाऱ्या, विनोबांच्या शांतिसेनेतील अनुभव होता. आपल्याकडे हे क्वचितच सांगितले जाते, याची मला खंत वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये दक्षिण सुदानातील बोर येथे संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रय घेतलेल्या लोकांवर सशस्त्र जमाव चालून आला. निःशस्त्र संरक्षणाचेच काम करणाऱ्या ‘नॉनव्हायलंट पीसफोर्स’ या संस्थेचे दोन कार्यकर्ते स्त्रिया आणि मुलांसह एका झोपडीत होते. बंदूकधाऱ्यांनी वारंवार दरडावूनही ते तेथून हलले नाहीत आणि त्या झोपडीतील स्त्रिया व मुले वाचली. त्याच तळावर इतरत्र मात्र अनेक माणसे मारली गेली, हेही सांगितलेच पाहिजे.

मुंबईकरांना शेजाऱ्यांची भीड अधिक परिचित आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांच्या मोहल्ला समित्या पोलिसांसोबत नियमित बसवल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसांचा बळी गेला तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही अशा समित्या उभ्या राहिल्या. मी आमच्या भागातील बैठकींना जाते. तेथे मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि नळाच्या पाण्यावरून झालेली भांडणे यांवरच बहुतेक वेळ जातो. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल, परंतु अफवा पसरते त्या रात्री पलीकडच्या गल्लीत कोणाला दूरध्वनी करायचा आणि तो माणूस आपल्यावर विश्वास ठेवील का, हे याच बैठकींत ठरून गेलेले असते.

विमानातून बॉम्ब टाकणाऱ्याला किंवा साक्षीदार असावेत अशीच ज्याची इच्छा आहे अशा मारेकऱ्याला या मार्गाने रोखता येत नाही. परदेशी जाऊन हे काम करण्याचा तुमचा विचार असेल, तर पीस ब्रिगेड्ससारख्या संस्था स्थानिकांनी बोलावल्यावरच जातात आणि स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण देतात, हे लक्षात घ्यावे. तोवर आपल्या पोलीस ठाण्यात मोहल्ला समितीची चौकशी करावी.