स्थानक खाली का पडत नाही?

प्रश्न : दिवेलागणीनंतर अंगणातून पाहिलं, तर पश्चिमेकडून एक ठळक दिवा न लुकलुकता वर सरकत आला आणि पूर्वेकडे झुकता झुकता विझला. नातू म्हणाला, ते अवकाशस्थानक, त्यात माणसं राहतात. तिथं गुरुत्वाकर्षण नाही म्हणून ते पडत नाही का? आणि त्याचा आपल्याला उपयोग काय?
– एक वाचक भगिनी, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, नातवाला शाबासकी द्या. दिवा विझला नाही, स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं. त्याला स्वतःचा उजेड नसतो, सूर्याचाच उजेड त्यावरून परततो.

गुरुत्वाकर्षण मात्र तिथं आहे. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. बेळगावच्या शाळेत विज्ञान शिकवताना हा गैरसमज मी दरवर्षी खोडत असे. राजहंसगडाच्या तटावरून दगड आडवा भिरकावला, तर तो येळ्ळूरच्या शिवारात पडेल. हवेची आडकाठी नसेल आणि वेग ताशी 28,000 किलोमीटर असेल, तर तो पडतच राहील, पण खालची गोल जमीनही तेवढीच वळत जाईल. स्थानक असंच अखंड पडत दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं. आतली माणसंही त्याच्यासोबत पडतात, म्हणून तरंगतात.

मग वर-खाली असं काही उरत नाही. गरम हवा वर चढत नाही. झोपलेल्याचा उच्छ्वास तोंडाभोवतीच साचू नये म्हणून पंखे सतत चालू ठेवावे लागतात. हाडं झिजतात, त्यामुळे रोज सुमारे दोन तास व्यायाम. पाण्यात वीज सोडून ऑक्सिजन काढतात, आणि घाम, वाफ, लघवी शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांनी हे तंत्र जरूर समजून घ्यावं.

उपयोगाचं म्हणाल, तर नोव्हेंबर 2000 पासून तिथं सतत माणसांची वस्ती आहे आणि रोज प्रयोग चालतात. जून 2025 मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथं गेले, तेव्हा मेथी आणि मुगाचं बी सोबत होतं. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्याचा! मला याचा फार अभिमान वाटतो. लांबच्या सफरीत ताजं अन्न हवं, तर वजनच जाणवत नाही तिथं बी कसं रुजतं, हे कळायलाच हवं.

नातवाकडून एक करून घ्या. काचेच्या पट्टीवर ओला टिपकागद लावून त्यावर मेथीचे दाणे ठेवा, पट्टी उभी करा. मुळं खाली उतरली की पट्टी उभीच ठेवून तिच्या बाजूच्या कडेवर फिरवून ठेवा, म्हणजे मुळं आडवी होतील. कागद सुकू देऊ नका. एक-दोन दिवसांत मुळांची टोकं पुन्हा खाली वळतील. काय दिसलं ते त्यालाच लिहून पाठवू द्या.