वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या पानावर येणारी झोप

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका गावात किराणा दुकान चालवतो. वय ४७. मुलगा लातूरला अकरावीत असून नीटची तयारी करतो. त्याला लहानपणापासून गोष्टीच्या पुस्तकांची आवड आहे. पण शिकवणीतील सरांनी दोन वर्षे अवांतर वाचन बंद ठेवायला सांगितले आहे. हे योग्य आहे का? मुलाला सांगण्याआधी स्वतः वाचावे म्हणून मी रात्री पुस्तक घेतो, तर तिसऱ्या पानावर डोळा लागतो आणि आठ-दहा दिवसांत नेम मोडतो. नियमित वाचनाने आयुष्य वाढते, असेही व्हॉट्सॲपवर येते. ते खरे मानावे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर आटोपतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ लोकांची १२ वर्षांची माहिती तपासून २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पुस्तके वाचणारे लोक न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ महिने अधिक जगल्याचे त्यात आढळले. शिक्षण, संपत्ती आणि आधीचे आजार यांतील फरक त्यांनी हिशेबात धरला होता. तरीही वाचनामुळेच आयुष्य वाढले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. आयुष्य वाढावे म्हणून पुस्तक हाती घ्या, असे मी तरी कोणाला सांगणार नाही.

आता मुलाविषयी. सरांची काळजी मी समजू शकतो. परीक्षेच्या तोंडावर कादंबरी घेऊन बसलेला विद्यार्थी कोणत्याही शिक्षकाला खटकणारच. परंतु दोन वर्षे पूर्ण बंदी घालणे मला पटत नाही. २०२५ पासून नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावे लागतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट मिळते, आणि त्या मिनिटात विधान व कारण यांसारखे चार-चार ओळींचे प्रश्न वाचून, त्यातला 'नाही' किंवा 'फक्त' हा शब्द नजरेतून न सुटू देता, उत्तर ठरवावे लागते. पुष्कळ मुलांना विषय येत असतो, पण प्रश्न अर्धवट वाचल्याने उत्तर चुकते. ज्याला सलग मजकूर वाचायची सवय असते, त्याची नजर वाक्याच्या शेवटापर्यंत टिकते. आरंभी काय म्हटले होते ते धरून ठेवत पुढचे वाचणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. प्रश्नसंच आणि मोबाइलवरील तुकडे यांतून ही सवय लागत नाही, कारण तिथे दर दहा ओळींनी विषय बदलतो. शब्दांचेही तसेच आहे. एखादा शब्द दहा वेगवेगळ्या प्रसंगांत भेटला म्हणजे त्याचा अर्थ पाठ करावा लागत नाही.

एवढ्याने गुण वाढतीलच, अशी हमी मी देत नाही. मात्र रात्री जेवणानंतरची वीस मिनिटे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, त्याला त्याच्या आवडीचे पुस्तक वाचू द्यावे. पुस्तक कोणते ते त्यालाच ठरवू द्यावे. तिथेही आपण यादी देऊ लागलो, तर ती आणखी एक शिकवणी होईल.

आपल्या झोपेबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण अशा पत्रांत लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात. आपले वय ४७ आहे. या वयात जवळचे दिसणे कमी होते, त्याला आपल्याकडे चाळिशी लागणे म्हणतात, आणि ती लागली हे अनेकांना वर्षानुवर्षे कळत नाही. अक्षरे पुसट दिसतात, पुस्तक हळूहळू लांब धरले जाते, कपाळ जड होते आणि मग डोळे मिटतात; माणूस समजतो की आपल्याला वाचनाची गोडी नाही. तेव्हा प्रथम डोळे तपासून घ्यावेत. त्यातून पहाटे दुकान उघडणाऱ्या माणसाने रात्री आडवे होऊन पुस्तक उघडले, तर झोप येणे अगदी स्वाभाविक आहे.

नेम टिकण्यासाठी काय लागते, ते आपल्या गावातच पाहता येईल. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि दिवसभर सोयाबीन खुरपून आलेली माणसे पाय पसरून ऐकत बसतात. काल जिथे वाचन थांबले तिथे मोरपीस ठेवलेले असते. आज वाचावे की वाचू नये, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतच नाही, कारण वेळ, जागा आणि पान ही तिन्ही आधीच ठरलेली असतात. (ज्या मराठवाड्यात, पैठणला, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून शुद्ध प्रत तयार केली, तिथे नियमाने वाचण्याची रीत बाहेरून आणावी लागू नये.)

आपणही सकाळची दूध-पावाची गिऱ्हाइकी ओसरली की गल्ल्याशेजारी पंधरा मिनिटे वाचावे. पुस्तक उधारीच्या वहीच्या वर ठेवावे, खाली नको. रोज पाच पाने झाली, तरी दोनशे पानांचे पुस्तक चाळीस दिवसांत पुरे होते. मध्ये एखादा दिवस बाजाराचा किंवा लग्नाचा निघेल, त्याने खचू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, रोजची एखादी कृती सवयीची होण्यास साधारणपणे ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस, इतकी तफावत होती. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच नोंदवलेले आहे. एकवीस दिवसांत सवय लागते, हे ऐकून आपण आठव्या दिवशीच हताश झाला असाल, तर ते मनातून काढून टाकावे.

प्रश्न : आमच्या गावात (जि. परभणी) सार्वजनिक वाचनालय आहे, परंतु पुस्तकांचे कपाट कायम कुलूपबंद असते. आम्हा चार-पाच बायकांना वाचायचे आहे. काय करावे?

उत्तर : आपले वाचनालय शासनमान्य असेल, तर ते १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली येते आणि अ, ब, क किंवा ड या दर्जानुसार त्याला अनुदान मिळते. उघडे ठेवण्याच्या वेळाही दर्जानुसार ठरलेल्या असतात. त्या विचारण्यात संकोच बाळगू नये. पाचही जणींनी अनामत व वर्गणी भरून रीतसर सभासद व्हावे, पावती घ्यावी आणि ठरावीक वारी, ठरावीक वेळी एकत्र जावे. हवी असलेली पुस्तके ग्रंथपालाकडे लेखी मागावीत. तरीही कुलूप निघाले नाही, तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्याला पावतीची प्रत जोडावी.